जंगल शंभर वर्षांचं, बजेट एका वर्षाचं

मे १९०३. न्यूयॉर्क राज्याचे गव्हर्नर बेंजामिन ओडेल यांच्यापुढे राज्याच्या खर्चाचं विधेयक सहीसाठी आलं. त्यातल्या १०,००० डॉलरच्या एका बाबीवर त्यांनी नकाराधिकार वापरला. ही रक्कम कॉर्नेल विद्यापीठातल्या वन महाविद्यालयासाठी होती. पुढच्याच महिन्यात विद्यापीठाच्या विश्वस्तांनी महाविद्यालयाला टाळं लावलं. अमेरिकेत वनशास्त्राचं चार वर्षांचं पदवी शिक्षण देणारी ही पहिली संस्था. १८९८ साली सुरू झाली आणि पाच वर्षांत गुंडाळली गेली.

हा प्रसंग बहुतेक वेळा एका हट्टी प्राध्यापकाची फजिती म्हणून सांगितला जातो. मला त्यात हिशेबाची वही जास्त दिसते. वनशाळा टिकते की बुडते, आणि टिकली तर काय शिकवते, हे अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत ठरत नाही. पैसा कुठून आणि किती मुदतीसाठी येतो, शिकायचं जंगल कोणाच्या नावावर आहे आणि शिकून बाहेर पडलेल्याला कामावर कोण घेणार, यावर ते ठरतं. आपल्याकडे वनशिक्षणावर चर्चासत्रं होतात तेव्हा कोणता विषय कोणत्या सत्रात घालायचा यावर तासन्‌तास खल चालतो. या कंटाळवाण्या प्रश्नांकडे मात्र कोणी वळत नाही. ते प्रशासनाचं काम, असं म्हणून ते बाजूला पडतात. कॉर्नेलची कागदपत्रं सांगतात की सगळा खेळ तिथेच होता.

बर्नहार्ड फर्नो हा प्रशियात शिकलेला वनाधिकारी. १८८६ ते १८९८ या काळात तो अमेरिकी कृषी खात्याच्या वन विभागाचा प्रमुख होता. विभाग म्हणजे थोडी माणसं आणि भरपूर अहवाल. हातात जंगल एकरभरही नाही. म्हणून न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने कॉर्नेलमध्ये वन महाविद्यालय काढायचा कायदा केला, तेव्हा फर्नोने वॉशिंग्टन सोडलं. कायद्याने महाविद्यालयाबरोबर अ‍ॅडिराँडॅक डोंगरांत ३०,००० एकर जंगलही दिलं. प्रयोगासाठी, विद्यार्थ्यांना हाताने काम शिकण्यासाठी. वनशास्त्राच्या शिक्षकाला याहून काय हवं?

आता त्या व्यवहारातल्या मुदती पाहा. १८९४ सालच्या न्यूयॉर्कच्या राज्यघटनेत राखीव वनं कायमची रानटी अवस्थेत ठेवायची, तिथलं झाड तोडायचं नाही, असं कलम आहे. ते आडवं येऊ नये म्हणून जमीन राज्याच्या नावावर न घेता कॉर्नेलच्या नावावर घेतली, पण ३० वर्षांसाठीच. मग ती राज्याकडे परत जाणार होती. लाकूड विकायला गिऱ्हाईक लागतं, तर ब्रुकलिन कूपरेज नावाच्या पिंपं बनवणाऱ्या कंपनीशी १५ वर्षांचा करार झाला. महाविद्यालय चालवायचा पैसा विधिमंडळ दर वर्षी मंजूर करणार. आणि फर्नोला तिथे लावायची होती पांढरी पाइन आणि स्प्रूस, जी तोडणीला यायला ऐंशी ते शंभर वर्षं घेतात. जमीन ३० वर्षं, करार १५ वर्षं, पैसा १ वर्ष, झाड १०० वर्षं. दर अकरा महिन्यांनी भाडेकरार नव्याने करणाऱ्याने अंगणात आंब्याची कोय पुरावी, तसला हा प्रकार.

फर्नोची योजना शास्त्राच्या दृष्टीने अगदीच खुळी नव्हती. तिथलं म्हातारं झालेलं मेपल, बर्च, बीचचं जंगल काढायचं, त्या विक्रीतून खर्च भागवायचा आणि जागेवर जास्त किमतीची सूचिपर्णी झाडं लावायची. जर्मनीत असं केलेलं त्याने पाहिलं होतं. पण कंपनीने टपर लेकला पिंपांच्या फळ्यांचा आणि लाकडापासून मद्यार्क काढायचा कारखाना उभारला होता, त्याला रोज माल हवा होता. तोडणी कराराच्या वेगाने चालली आणि लागवड रोपवाटिकेच्या वेगाने. या दोन वेगांमध्ये जे दिसतं त्याला सामान्य माणूस उजाड रान म्हणतो, आणि त्यात त्याची चूक नाही. पाचव्या वर्षी त्या जंगलात दाखवण्यासारखे बुंधे होते, पालापाचोळा जाळल्याचा धूर होता आणि गुडघ्याएवढी रोपं होती. जवळच अप्पर सॅरॅनॅक सरोवराच्या काठी धनिकांची उन्हाळी घरं. त्यांच्या तक्रारी गव्हर्नरपर्यंत पोचायला वेळ लागला नाही.

मला इथे फर्नोची बाजू घ्यायचा मोह होतो, पण पुरती घेता येत नाही. महाविद्यालयाचा खर्च जंगलाच्या विक्रीतून निघावा ही अपेक्षा त्यानेच मान्य केली होती. एकदा ती मान्य केली की प्राध्यापक हा कंत्राटदाराचा पुरवठादार होतो. विद्यार्थी काय शिकतात हे मागे पडतं, कारखान्याला आज किती गाड्या गेल्या हे पुढे येतं. ओडेल यांचा आक्षेपही नेमका तोच होता: राज्याच्या पैशाने जंगल सपाट झालं, राज्याला मिळालं काय? पाच वर्षांच्या हिशेबात या प्रश्नाला उत्तरच नव्हतं. असतं तर वीस-तीस वर्षांनी असतं.

विश्वस्तांचं वागणं मला जास्त खटकतं. विद्यापीठ कशाला हवं? सरकारचा वारा फिरला तरी चार वर्षं तग धरता यावी म्हणून. नकाराधिकारानंतर महिनाभरात कॉर्नेलने हात वर केले. हे महाविद्यालय राज्याचं, आम्ही फक्त चालवायला घेतलं होतं, असा पवित्रा. म्हणजे छप्पर विद्यापीठाचं आणि जीव खजिन्यात. विद्यार्थी येल, मिशिगन अशा ठिकाणी पांगले. तिथले शिक्षकही गेले. आधी कॉर्नेलमध्ये शिकवलेला फिलिबर्ट रोथ तर महाविद्यालय बंद होतंय तोच मिशिगनचा वन विभाग उभारायला लागला होता. कराराचं भांडण पुढे कोर्टात गेलं. आणि १९११ साली त्याच राज्याने सिरॅक्यूज विद्यापीठात नवं राज्य वन महाविद्यालय काढलं, तर कॉर्नेलने आपल्या कृषी महाविद्यालयात वनशास्त्राचा विभाग पुन्हा उघडला. आठ वर्षांपूर्वी एक शाळा परवडत नव्हती, आता दोन झाल्या. सरकारी शहाणपणाचा हा नमुना कुठल्याही देशातल्या वाचकाला ओळखीचा वाटेल.

त्या पाच वर्षांतून काय निघालं? अमेरिकेतला पहिला वनशास्त्र पदवीधर, राल्फ ब्रायंट, १९०० साली तिथून बाहेर पडला. पुढे तो येलला लाकूडतोडीचं शास्त्र शिकवत होता. राफाएल झॉन तिथलाच. त्याने वनखात्यात संशोधन केंद्रांची कल्पना रुजवली. १९०२ साली तिथे सुरू झालेलं त्रैमासिक पुढे अमेरिकेतल्या वनशास्त्राच्या मुख्य नियतकालिकात विलीन झालं. फर्नोच्या लागवडीतला पाइनचा एक तुकडा आजही उभा आहे, त्यातून जाणाऱ्या पायवाटेला त्याचं नाव दिलं आहे. ज्या जमिनीवरून एवढा गदारोळ झाला तिथे आता भरदार पाइन आहेत हे कळलं की वाटतं, गव्हर्नरसाहेबांनी जरा दम धरला असता तर! पण गव्हर्नर दम धरायला निवडून येत नसतो. म्हणूनच त्याच्या दमावर शाळा उभी करू नये.

येलची गोष्ट याच्या उलट. १९०० साली पिंचो कुटुंबाने दीड लाख डॉलरची देणगी दिली आणि येलमध्ये वनशाळा सुरू झाली. पैसा मूळ रक्कम म्हणून राखायचा आणि व्याजावर शाळा चालवायची. पेनसिल्व्हेनियातल्या मिलफर्डला पिंचोंची जमीन होती, तिथे उन्हाळी शिबिरं भरायची. हेन्री ग्रेव्हज पहिला प्रमुख. गिफर्ड पिंचो स्वतः १८९८पासून केंद्र सरकारच्या वन विभागाचा प्रमुख होता, म्हणजे शाळा काढणारं घराणं आणि शाळेतल्या पोरांना नोकरी देणारा साहेब एकच. यात धोका नव्हता असं कोण म्हणेल? लाकूड, पाणी, चराई यांचा काटेकोर उपयोग, ही पिंचोची दृष्टी येलच्या वर्गात शास्त्र म्हणून शिकवली गेली आणि तीच खात्यात धोरण म्हणून राबली. खात्याचे पुढचे प्रमुख, विल्यम ग्रीली काय किंवा फर्डिनंड सिल्कॉक्स काय, येलचेच. एका घराण्याच्या पैशाने देशाच्या जंगलाचं डोकं घडवलं, असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

तरी जानेवारी १९१० मध्ये राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी पिंचोला नोकरीवरून काढलं, तेव्हा येलच्या वनशाळेचं काय झालं? काहीच नाही. ग्रेव्हज पिंचोच्या जागी वॉशिंग्टनला गेला, जेम्स टूमी शाळेचा प्रमुख झाला, वर्ग चालू राहिले. आश्रयदाता सत्तेतून पडला तरी शाळेचा केस वाकडा झाला नाही, कारण पैसा विद्यापीठाच्या खात्यात होता, कोणाच्या मर्जीत नव्हता. कॉर्नेल १९०३ आणि येल १९१० हे दोन प्रसंग शेजारी ठेवले की मला वेगळा पुरावा लागत नाही. पुढे १९३० साली येलला कनेक्टिकटमध्ये मायर्स नावाच्या माजी विद्यार्थ्याकडून जंगल मिळालं. आज ते ७,८४० एकर आहे आणि विद्यापीठाच्या मालकीचं आहे. कॉर्नेललाही १९२७ साली आर्नट कुटुंबाकडून चार हजार एकरांच्या आसपास जंगल मिळालं. ते अजून विद्यापीठाकडेच आहे आणि तिथे आजही शिकवणं, मोजणी, प्रयोग चालतात. आपल्या नावावरचं जंगल असलं की विभाग आला-गेला तरी कामाला जागा उरते.

शहाणा आक्षेप असा येईल की हे सगळं जुनं झालं, आता वनशाळा वेगळी ठेवायचीच कशाला? जगभर त्या पर्यावरणाच्या मोठ्या विद्याशाखांत मिसळल्या आहेत. मिशिगनची १९२७ साली स्वतंत्र वनशाळा झाली, १९५० साली नैसर्गिक संसाधनांची शाळा, १९९२ साली त्यात पर्यावरण आलं आणि २०१७ साली नावातून संसाधनंही गेली, शाश्वतता आली. सिरॅक्यूजच्या नावात १९७२ साली पर्यावरणशास्त्र जोडलं गेलं. येलने त्याच वर्षी पर्यावरण जोडलं आणि २०२० साली नुसतं पर्यावरण ठेवलं. जुनी वनशाळा तिच्या पोटात एक उपशाळा म्हणून राहिली. टोरंटोत तर १९०७ साली कॅनडातली पहिली वन विद्याशाखा सुरू झाली होती. तिचा पहिला प्रमुख हाच आपला फर्नो, कॉर्नेलमधून पोळून निघालेला. ती २०१९ साली स्थापत्यशास्त्राच्या विद्याशाखेत विलीन झाली. लाकडी इमारतींचं तंत्र आणि शहरी झाडं हे दोन्हीकडे समान विषय आहेत हे खरं, पण जंगल हा इमारतीचा कच्चा माल पुरवणारा विभाग, इथपर्यंत गाडी यायला किती वेळ लागेल?

या आक्षेपातला खरा भाग आधी मान्य करतो. जुन्या वनशाळा घमेंडी होत्या. झाड म्हणजे घनफूट, गुरं चारणारा म्हणजे अतिक्रमक, आग म्हणजे गुन्हा, हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं. पर्यावरण विद्याशाखांत मिसळल्यावर त्यांच्या वर्गात मानववंशशास्त्रज्ञ आले, कायदा शिकवणारे आले, बायका आल्या. आणि चांगला विचार चुकीच्या विभागातही जन्मतो. आल्डो लिओपोल्ड येलच्या वनशाळेतून १९०९ साली पदवी घेऊन बाहेर पडला, पण जमीन आणि माणूस यांच्या नैतिक नात्याबद्दलच्या ज्या विचारांसाठी जग त्याला ओळखतं ते आकार घेत होते तेव्हा तो विस्कॉन्सिन विद्यापीठात कृषी अर्थशास्त्राच्या विभागात शिकारी प्राण्यांच्या व्यवस्थापनाचा प्राध्यापक होता. खातं कोणतं यावर माणसाचं डोकं ठरत नाही, हे मान्य.

पण डोक्याचं काम वेगळं आणि नोंदीचं काम वेगळं. कायम नमुना क्षेत्र कसं चालतं ते पाहा. जंगलातला एक चौकोन आखतात, कोपऱ्यांवर दगड पुरतात. आतल्या प्रत्येक झाडाला नंबर. छातीच्या उंचीवर, जमिनीपासून १.३७ मीटरवर, खोडाभोवती रंगाचा पट्टा ओढतात, म्हणजे पुढच्या वेळी येणारा टेप त्याच जागी लावेल. उतारावर असेल तर वरच्या बाजूने मोजायचं. घेर वहीत लिहायचा, वाळलेलं, मोडलेलं, चोरीला गेलेलं तसं शेऱ्यात लिहायचं. पाच किंवा दहा वर्षांनी पुन्हा यायचं, पट्टा पुसट झाला असेल तर आधी तो रंगवायचा, मग मोजायचं. हे काम इतकं रटाळ आहे की त्यावर कोणाला बढती मिळत नाही. पण सागाची वाढ चाळिसाव्या वर्षी मंदावते की साठाव्या, विरळणी, म्हणजे दाटीतली काही झाडं काढणं, केली नाही तर काय होतं, पाऊस कमी झालेल्या दशकात कोणती जात आधी मान टाकते, याचं उत्तर दुसरं कुठे मिळत नाही. मोजणीची एक फेरी हुकली तर ती मागे जाऊन भरता येत नाही.

अशा क्षेत्राचा खर्च म्हणजे दोन मजूर, एक गाडी, रंगाचा डबा आणि एका माणसाचा महिना. विलीनीकरणात तो कोणी मुद्दाम कापत नाही. नव्या विद्याशाखेच्या बजेटात त्याला रकाना नसतो, एवढंच. पहिल्या वर्षी विभागप्रमुख आपल्या आकस्मिक खर्चातून भागवतो, दुसऱ्या वर्षी तो निवृत्त होतो, तिसऱ्या वर्षी वही एखाद्या कपाटात आणि कपाट दुसऱ्या इमारतीत. नवा प्रमुख उपग्रहाच्या चित्रांवर काम करणारा असतो. त्यात काही वाईट नाही, पण त्या चित्रातल्या हिरव्या ठिपक्याखाली काय आहे ते ताडून बघायला त्यालाही एक दिवस तीच वही लागणार असते. म्हणून मी म्हणतो, वर्ग हवे तेवढे मिसळा, अभ्यासक्रम हवा तेवढा उघडा करा. पण वनशाळेचा प्रमुख, तिचं अंदाजपत्रक आणि तिचं जंगल, यांना हात लावू नका.

दुसरं टोक आपल्या जवळचं आहे. १८७८ साली ब्रिटिश हिंदुस्थानच्या वनखात्याचा प्रमुख डिट्रिश ब्रँडिस याने देहरादूनला वनशाळा काढली. त्याच वर्षी भारतीय वन कायदा आला. कायदा आणि तो राबवणारी माणसं घडवणारी शाळा, दोन्ही एकाच दमात. ही विद्यापीठाची शाळा नव्हती, खात्याची होती. विद्यार्थी हा खात्याचा माणूस, शिक्षक हा खात्याचा अधिकारी, सरावाचं जंगल खात्याचं. पैशाची आणि जमिनीची चिंता नाही, आणि टिकाऊपणाच्या बाबतीत तिला तोड नाही: नावं आणि पाट्या बदलत देहरादून आजही वनशिक्षणाची राजधानी आहे. पण १८७८च्या कायद्याने ज्यांचे चराई-सरपणाचे हक्क गेले त्यांचं म्हणणं त्या वर्गात कोण मांडणार होतं? शिक्षकाची बदली ज्याच्या हातात, त्याच्या धोरणावर तो शिक्षक परीक्षेत प्रश्न काढत नसतो.

वरच्या दर्जाचे अधिकारी विलायतेत शिकत. आधी फ्रान्समध्ये नान्सीला, १८८५पासून कूपर्स हिलच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात विल्यम श्लिखच्या हाताखाली, आणि १९०५पासून ऑक्सफर्डमध्ये. जाता जाता, पिंचोला नान्सीला जाऊन शिक असं सांगणारा ब्रँडिसच. ऑक्सफर्डची ही शाखा १९२४ साली इंपीरियल फॉरेस्ट्री इन्स्टिट्यूट झाली. साम्राज्य गेलं तसा तिचा नोकरी देणारा मालक गेला, मग राष्ट्रकुलाच्या नावाने काही दशकं चालली, आणि ह्या शतकाच्या सुरुवातीला स्वतंत्र संस्था म्हणून तिचा कारभार संपला. एकाच गिऱ्हाइकावर विसंबलेल्या शाळेचं गिऱ्हाईक गेलं की शाळेचं काय होतं, ते हे.

आपल्या कृषी विद्यापीठांतली वनशास्त्र महाविद्यालयं १९८०च्या दशकाच्या मध्यात उभी राहिली. सोलनजवळ नौणीला तर बागायती आणि वनशास्त्राचं स्वतंत्र विद्यापीठच १९८५ साली झालं. महाराष्ट्रात दापोली आणि अकोला. खात्याच्या बाहेर वनशास्त्र शिकवायचं हा निर्णय माझ्या मते स्वातंत्र्यानंतर वनशिक्षणात घेतलेला सगळ्यात धाडसी निर्णय होता. १९८८ सालच्या राष्ट्रीय वनधोरणाने तर लिहूनच ठेवलं की वनशास्त्र ही शास्त्रशाखा आणि व्यवसाय म्हणून मानली जावी, आणि भारतीय वनसेवा व राज्य वनसेवेच्या भरतीत वनशास्त्राची पात्रता लक्षात घेतली जावी.

लक्षात किती घेतली ते परीक्षेच्या जाहिरातीत दिसतं. भारतीय वनसेवेला बसायला पशुवैद्यक, वनस्पतिशास्त्र, रसायन, भूशास्त्र, गणित, भौतिकी, संख्याशास्त्र, प्राणिशास्त्र यांपैकी एखादा विषय घेतलेली पदवी चालते, किंवा कृषी, वनशास्त्र, अभियांत्रिकी यांतली पदवी चालते. निवड झाल्यावर सगळ्यांना देहरादूनच्या अकादमीत वनशास्त्र पहिल्यापासून शिकवतात. गणित शिकलेली मुलगी उत्तम वनाधिकारी होऊ शकते, याबद्दल माझी तक्रार नाही. वनशास्त्राच्या पदवीधरांना सगळ्या जागा राखून ठेवा असंही मी म्हणत नाही. येलसारखी एकाच साच्याची फौज आपल्यालाही नको. माझा मुद्दा कारभाराचा आहे. या महाविद्यालयांचा अभ्यासक्रम कृषी संशोधन परिषदेच्या चौकटीत ठरतो, पैसा राज्याच्या कृषी खात्याकडून येतो आणि जंगल व नोकरी दोन्ही वनखात्याकडे आहे. ज्याला पदवीधर हवाय त्याला कॉलेजशी देणंघेणं नाही, आणि जो कॉलेज चालवतो त्याला जंगलाशी. अशा अनाथ अवस्थेत चार वर्षं शिकलेला मुलगा शेवटी स्पर्धा परीक्षेच्या क्लासला जाऊन बसतो, यात नवल कसलं?

कृषी विद्यापीठात आणखी एक अडचण आहे, ती कोणाच्या वाईट हेतूने आलेली नाही. तिथला सगळा हिशेब हंगामाचा. खरीप गेला, रब्बी आला, वाण प्रसारित झाला, अहवाल गेला. वार्षिक आढाव्यात धानाचा प्राध्यापक तीन वर्षांत निकाल दाखवतो, तेव्हा ऐनाच्या विरळणीवर काम करणारा काय दाखवणार? हळूहळू तोही रोपवाटिका, बांधावरचा बांबू, साग-नाचणी अशा लवकर निकाल देणाऱ्या कामांकडे वळतो. वनशेती महत्त्वाची आहेच. पण वनशास्त्र महाविद्यालयात जंगलावरचं काम सगळ्यात कमी होणार असेल तर पाटी बदललेली बरी.

दापोलीच्या बाबतीत तर वनखात्याकडे डोळे लावून बसायचंही कारण नाही. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी राखीव जंगल अगदी थोडं. बहुतेक झाडी खाजगी मालकीची, ठरावीक वर्षांनी ठेकेदाराला तोडायला दिली जाणारी. ती कितव्या वर्षी तोडली तर पुन्हा नीट फुटते, मालकाला काय दर मिळायला हवा, देवराई आणि मालकी रान यांच्यातला पट्टा कसा राखायचा, याचा सल्ला देणारा शिकलेला माणूस गावात नाही. विदर्भात चित्र वेगळं. २००६ सालच्या वनहक्क कायद्यानंतर गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा जंगलाच्या कारभारी झाल्या आहेत. मेंढा-लेखाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टरांवर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११पासून ग्रामसभा स्वतःचा बांबू विकते आहे. या ग्रामसभांना व्यवस्थापन आराखडा लागतो, बांबूची मोजणी लागते, तोडणीचं चक्र ठरवायला लागतं. वनखात्याखेरीज जंगलाचा सामूहिक कारभारी आता मोठ्या प्रमाणावर उभा राहिला आहे, आणि त्याला कामाला माणूस घ्यायचा आहे. वनशास्त्र महाविद्यालयाला याहून चांगलं दुसरं गिऱ्हाईक मिळणार नाही. एकाच खात्याचं तोंड बघत बसण्याची सवय सुटली, तर ऑक्सफर्डसारखी गतही होणार नाही.

मग मागायचं काय? कॉर्नेलसारखे ३०,००० एकर तर अजिबात नकोत; एवढं जंगल मिळालं की ते विकून खर्च भागवा असं सांगणारा कोणीतरी भेटतोच. काहीशे हेक्टर पुरतील. मालकी वनखात्याची किंवा ग्रामसभेची राहू दे, पण व्यवस्थापन आणि नोंदी विद्यापीठाकडे, आणि करार किमान तीन कार्य आयोजनांच्या (वनखात्याच्या दहा-दहा वर्षांच्या व्यवस्थापन आराखड्यांच्या) मुदतीचा, म्हणजे तीसेक वर्षांचा. संपायच्या आधी नूतनीकरणाची अट त्यातच लिहिलेली. तिथलं लाकूड विकून आलेला पैसा महाविद्यालयाच्या चालू खर्चाला वापरायचा नाही, ही अट फर्नोच्या नावाने घालावी. कृषी विद्यापीठाच्या अंदाजपत्रकात वनशास्त्राला स्वतंत्र शीर्ष, आणि दीर्घ मुदतीच्या मोजणीसाठी एक कायम ठेव, जिच्या मुद्दलाला कुलगुरूंनाही हात लावता येणार नाही. खातं म्हणेल, आमचं जंगल आम्ही दुसऱ्याच्या हाती का द्यावं. तर त्याचं उत्तर त्यांच्याच कार्य आयोजनेत आहे: दर दहा वर्षांनी ती लिहिताना वाढीचे आकडे जुन्या तक्त्यांवरून घ्यावे लागतात, कारण त्या भागातली ताजी मोजणी कोणी केलेलीच नसते. ती फुकट करून देणारा शेजारी मिळत असेल तर खात्याचा तोटा काय?

यातल्या बऱ्याच गोष्टींना शासननिर्णय लागतील, वेळ लागेल, फायली फिरतील. एक काम मात्र कोणाच्याही परवानगीविना करता येतं. प्रत्येक वनशास्त्र महाविद्यालयाने आपल्याकडे आजवर आखलेल्या सगळ्या नमुना क्षेत्रांची, लागवडींची आणि मोजणीच्या वह्यांची यादी करावी: कुठे आहे, कधी आखलं, शेवटचं कधी मोजलं, वही कोणाच्या ताब्यात. ती विद्यापीठाच्या विद्वत परिषदेपुढे ठेवून इतिवृत्तात नोंदवून घ्यावी. पुढच्या वेळी विभाग कुठे हलवायचा किंवा कशात मिसळायचा असा प्रस्ताव आला, तर या यादीतल्या प्रत्येक ओळीचं काय होणार हे प्रस्ताव मांडणाऱ्याला त्याच सभेत सांगावं लागेल.